मस्कतहून दिसणारं घर

दिशा पगारेशी माझी ओळख फोनवर झाली आणि पुढची दोन वर्षं ती फोनवरच राहिली. नाशिकच्या जेल रोडला माझं छोटं दुकान आहे. कॅमेरे बसवायचे, इंटरनेटची लाइन आत ओढून द्यायची, बिघडलेले राऊटर बघायचे, असली कामं मी करतो. एका सकाळी शटर वर करत होतो, तेवढ्यात बाहेरच्या देशातला नंबर वाजला.

"योगेशभाऊ का? मी दिशा. तुमच्या दुकानामागच्या कॉलनीत यादवराव पगारे राहतात ना, प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांची मुलगी. घरी कॅमेरे बसवायचेत. पण मला ते इथून, मस्कतहून दिसले पाहिजेत."

मी नेहमीचा प्रश्न विचारला. चोरीबिरी झाली का, कुणाचा त्रास आहे का?

"नाही हो. माझी मुलगी आहे तिथं. चार वर्षांची."

दिशा नर्स होती. नाशिकमधल्या एका खासगी दवाखान्यात तिनं बरीच वर्षं काढली होती. लग्न झालं, मुलगी झाली, पण नवऱ्याशी जमलं नाही आणि मुलगी रांगायला लागायच्या आत ती माहेरी परत आली. पुढे मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये जागा निघाली. आरोहीला आईवडिलांकडे ठेवून ती गेली. हे सगळं तिनं मला त्या पहिल्या फोनवर सांगितलं असं नाही. काही तिनं सांगितलं, काही तिच्या आईनं, काही कॉलनीत आपोआप कळतंच.

त्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं, की ती रोज व्हिडिओ कॉल करते. पण आजीनं फोन समोर धरला की आरोही पाहुण्यासारखी वागते. मम्मीला पोएम म्हणून दाखव म्हटलं की म्हणते, फ्लाइंग किस देते आणि पळून जाते. मग दिशाला उरलेला वेळ पंखा दिसतो, नाहीतर आईच्या हनुवटीखालचा भाग.

"मला ती नुसती असताना बघायचीय, भाऊ. काही करून दाखवत नसताना."

दुसऱ्या दिवशी मी घर बघायला गेलो. तळमजल्याचं छोटं घर, पुढे ओटा, ओट्याला लोखंडी गेट, शेजारी कढीपत्त्याचं झाड. दार यादवरावांनी उघडलं. उंच, ताठ माणूस. मी पिशवीतून कॅमेऱ्याचा खोका काढला तसा त्यांचा चेहरा उतरला.

"चौतीस वर्षं नोटा छापायच्या प्रेसमध्ये काढली," ते म्हणाले. "आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. डोक्यावर नजर कायम. रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आता तू माझ्याच हॉलात आणून बसवतो का?"

"काका, ताईनं सांगितलंय. तुमचं मन नसेल तर मी परत जातो. घरात राहणाऱ्यांची हरकत असली की मी आत कॅमेरा लावत नाही."

आतून भागुबाई आल्या, हात पदराला पुसत. त्या मूळच्या सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या. इतकी वर्षं नाशिक रोडला काढून त्यांची बोली तशीच राहिली होती.

"लाव रं बाबा," त्या म्हणाल्या. "यांचं नको ऐकू. पोरगी तिकडं लय लांब हाय. तिला तिचं लेकरू दिसंल. यांना नाय दिसायचं तर यांनी ओट्यावर बसावं."

यादवराव खरोखरच ओट्यावर जाऊन बसले.

माझ्या कामात कॅमेरा बसवणं हा सोपा भाग असतो. अवघड असतं ते आतलं जाळं नीट बांधणं. त्यांचा राऊटर आतल्या खोलीत, गोदरेजच्या कपाटावर ठेवलेला होता. तिथून हॉलपर्यंत वायफाय यायचं ते दोन भिंती ओलांडून, धापा टाकत. मी तो टीव्हीशेजारी आणला. रेकॉर्डिंगची पेटी टीव्हीच्या खालच्या फळीवर ठेवली. दोन्ही कॅमेरे तारेनंच जोडले. वायफायवरचा कॅमेरा कधी रुसेल सांगता येत नाही, तारेवरचा सहसा दगा देत नाही. लाइट गेली तरी चालू राहावं म्हणून राऊटरला आणि पेटीला छोटी बॅटरी लावली. एक कॅमेरा ओट्यावर, एक हॉलमध्ये. हॉलमधला कुठं लावायचा यावर भागुबाईंनी विचार केला. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती त्या भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यावर नको. बाजूला, जरा खाली लाव."

मग मी दिशाला फोन लावला. तिनं ॲप उतरवून ठेवलं होतं. पेटीवरच्या चौकोनी कोडचा फोटो मी तिला पाठवला आणि पासवर्ड तिचा तिनंच टाकावा, मलाही सांगू नये, असं बजावलं.

"दिसतंय का ताई?"

"गोल फिरतंय नुसतं."

"थांबा थोडं. ओट्यावरचा आधी येईल."

मी पेटीवरचे दिवे बघितले. मला वाटलं लाइन तुटली.

"ताई?"

"दिसतंय," ती म्हणाली. "चपला दिसतायत. दारापाशी. त्या गुलाबी कुणाच्या आहेत?"

"आरोहीच्या," भागुबाई माझ्या खांद्यामागून म्हणाल्या.

"तिच्या तर लाल होत्या ना, आई?"

"त्या कवाच्या बारीक झाल्या. आता पाय वाढला तिचा."

मी हत्यारं गोळा करायला लागलो.

त्यानंतर दिशाचे फोन अधूनमधून यायचे, आणि प्रत्येक वेळी काम बारीकसं असायचं. कॅमेरा जरा डावीकडे वळवता येईल का, आरोही टीव्हीच्या बाजूला जाऊन बसते आणि तिचे नुसते पाय दिसतात. थोडा खाली करता येईल का, ती आजोबांच्या पाठीमागे लपून बिस्किटं खाते ते अर्धंच दिसतं. मी दुकानातून घरी जाताना स्कूटर वळवायचो, स्टुलावर चढायचो, फोन कानाला लावून विचारायचो, "आता?" आणि ती सांगायची, "अजून थोडं. अजून. हां, बास. आली."

कधी ती काम नसतानाही थोडं बोलायची. कॅन्टीनमध्ये जेवताना फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवते, असं एकदा म्हणाली. तिकडे ती वरण-भात खात असते, इकडे आरोही जमिनीवर पालथी पडून रंगवत असते. "तासभर ती काहीच करत नाही, भाऊ. मी पण काहीच करत नाही. तेवढा तासच बरा जातो."

नंतर तिला आवाजही हवासा झाला. मी हॉलमधला कॅमेरा बदलून ऐकू येणारा आणि बोलणारा बसवला. ॲपमधलं बटण दाबून ती मस्कतहून बोलली की आवाज भिंतीतून यायचा. पहिल्यांदा तिनं "आरोही, दूध संपव" म्हटलं तेव्हा मी तिथंच होतो. पोरगी दचकली नाही. तिनं वर बघितलं, ग्लास उचलला, संपवला आणि रिकामा ग्लास कॅमेऱ्याला उलटा करून दाखवला.

"घ्या, आकाशवाणी सुरू झाली," यादवराव म्हणाले. पण एव्हाना त्यांचा विरोध मावळला होता. भागुबाईंनी मला हळूच सांगितलं, की हल्ली ते हॉलात बनियनवर बसत नाहीत. संध्याकाळी बाहेरून आले की चपला काढता काढता कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, "जेवलीस का?" उत्तराची वाट बघत नाहीत. ती त्या वेळी ड्युटीवर असते हे त्यांना ठाऊक असतं.

आरोही शाळेत जायला लागली. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर टाकायची, कॅमेऱ्याखाली उभी राहायची आणि काय काय झालं ते सांगायची. दिशा कधी ऐकत असायची, कधी नसायची. नसली तर ती रात्री मागचं रेकॉर्डिंग काढून ऐकायची. आरोहीला त्यानं फरक पडत नव्हता. वरून उत्तर आलं तर आलं, नाही आलं तरी ती बोलायची.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, दिशा महिन्याच्या सुट्टीवर आली. आली त्याच्या चार दिवसांनी तिचा मला फोन आला, या वेळी इथल्याच नंबरवरून.

"भाऊ, हॉलमधला कॅमेरा तेवढा काढून ठेवा महिनाभर. मी घरात आहे, आता कुणी कुणाला बघायचंय?"

मी गेलो. दिशाला पहिल्यांदा समोर पाहिलं. आवाजावरून मला ती उंच वाटली होती. होती वडिलांच्या खांद्याएवढी. ती स्वयंपाकघरात खरबूज कापत होती. आरोही सोफ्यावर बसून नव्या बाहुलीचे केस विंचरत होती. बाहुली मस्कतहून आलेली दिसत होती. मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि पहिला स्क्रू सैल केला.

"काका, काय करताय?" आरोहीनं विचारलं.

"काढतोय थोडे दिवस."

ती बाहुली टाकून स्टुलापाशी आली आणि तिनं माझ्या पँटचा पाय धरला.

"मम्मीला नका काढू."

दिशा खरबुजाची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी स्क्रूड्रायव्हर खाली केला.

यादवराव म्हणाले, "अगं वेडे, मम्मी ही काय, ही उभी. तो तर डबा आहे."

आरोहीनं दिशाकडे बघितलं. रागानं नाही, तुटकपणे नाही, अगदी नीट बघितलं. मग म्हणाली, "ही जाणार आहे. ती जात नाही."

भागुबाईंनी पदर तोंडाशी नेला. मी सैल केलेला स्क्रू पुन्हा पिळला आणि खाली उतरलो. आपण त्या घरात नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

दिशानं ताटली टेबलावर ठेवली. "राहू द्या भाऊ," ती म्हणाली, आणि ओट्यावर निघून गेली.

मला वाटलं, रडायला गेली. मीही पिशवी भरून तिच्या मागून निघणार, तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. "आरोही."

पोरीचा चेहरा एकदम उघडला. ती पळत कॅमेऱ्याखाली गेली.

"मम्मी, काका तुला काढत होते."

"हो, बघितलं मी. आता नाही काढणार. तू खरबूज खाल्लंस का?"

"नाही."

"मग ताटली घेऊन बाहेर ये. मी बाहेर आहे."

"ओट्यावरच्या कॅमेऱ्यात?"

"हो," भिंत म्हणाली. "तिथंच."

आरोही ताटली दोन्ही हातांत धरून बाहेर गेली. मी दारातून बघत होतो. तिनं आधी ओट्यावरच्या कॅमेऱ्याकडे मान वर करून बघितलं. मग खाली. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, पायरीवर, दिशा फोन तोंडापाशी धरून बसली होती. डोळे ओले होते, पण आवाज तिनं सरळ ठेवला होता.

"ये, बस इथं," ती फोनमध्ये म्हणाली. आणि क्षणभरानं घरातून, भिंतीतून, तोच आवाज आला: ये, बस इथं.

आरोही थबकली. तिनं दाराकडे मान वळवली, मग आईच्या तोंडाकडे बघितलं.

"परत बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

काय बोलू, आत हॉल म्हणाला.

पोरीनं ताटली पायरीवर ठेवली आणि आत पळाली. कॅमेऱ्याखाली उभी राहून ओरडली, "आता बोल." दिशा बोलली. ती पुन्हा बाहेर आली, दिशाच्या गालाला हात लावून म्हणाली, "आता बोल." असं किती वेळा झालं कोण जाणे. बोलताना आईचे ओठ हलतात आणि मग आत आवाज होतो, हे तिनं बोटानं ओठ धरून तपासलं. बोट आत घालून दातही बघितले. शेवटी ती दमून दिशाच्या मांडीवर बसली आणि तिनं फोन आपल्याकडे घेतला. बटण दाबून म्हणाली, "आजोबा, खरबूज खायला या."

आतून यादवरावांचा आवाज आला, "आलो, आलो."

तो महिना बरा गेला असावा. मी एक-दोनदा त्यांना बिटको चौकात बघितलं, दिशा स्कूटी चालवतेय आणि आरोही मागून तिच्या कमरेला घट्ट धरून बसलीय. एकदा दुकानासमोर थांबल्या. आरोहीनं मला सांगितलं, की मम्मीला डाव्या कानामागे तीळ आहे. कॅमेऱ्याचा विषय कुणीच काढला नाही. तो भिंतीवर होता तसाच राहिला.

जूनच्या सुरुवातीला दिशा परत गेली. कंत्राटाचं अजून एक वर्ष बाकी होतं आणि ते मोडून येण्यासारखं नव्हतं. गेल्यानंतर आठवड्याभरानं तिचा फोन आला, परत तो लांबचा नंबर. मला वाटलं, लाइन बंद पडली असेल. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं.

"नाही, दिसतंय सगळं," ती म्हणाली. "आरोही कॅमेऱ्याकडे बघत नाही आता. मी हाक मारली तर उठून आत जाते. बसली तरी पाठ करून बसते."

"कोन बदलून देऊ का? समोरच्या भिंतीवर घेतला तर तोंड दिसेल."

"नको."

मी फोन खांद्यात धरून दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"आई म्हणते, रात्री माझी ओढणी घेऊन झोपते. वास जाईल म्हणून धुवू देत नाही. आधी असं काही नव्हतं, भाऊ. आधी मी तिला भिंतीवर मिळायची, तिचं भागत होतं. आता तिला कळलंय मी तिथं नाही. मी हे पोरीला उगाच शिकवलं का, हेच मला कळत नाही. पण तिला माझी आठवण येते, योगेशभाऊ. याआधी कधी आली नव्हती."

मी म्हटलं, "ताई, संध्याकाळी जाऊन बघून येतो."

गेलो तेव्हा आरोही ओट्यावर गृहपाठ करत होती. मी पायरीवर टेकलो. तिनं वहीतून मान वर न करता विचारलं, "काका, तुम्ही मस्कतला कॅमेरा बसवता का?"

"मी तिकडे जात नाही. का गं?"

"मम्मीला मी दिसते. मला मम्मी नाही दिसत."

इतकी वर्षं मी लोकांच्या घरांत तारा ओढतोय. बघणारा एकीकडे, दिसणारा दुसरीकडे, असंच काम मी करत आलो. ही गोष्ट मला त्या पोरीनं सांगेपर्यंत सुचली नव्हती. मी तिथूनच दिशाला मेसेज टाकला.

तिनं दुसऱ्याच दिवशी तिकडच्या बाजारातून छोटा कॅमेरा आणला, पण तो काही जोडेना. हॉस्टेलचं वायफाय आधी स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड मागायचं, आणि कॅमेऱ्याला कुठली आलीय स्क्रीन. मी फोनवर बसून तिला दुसरा रस्ता सांगितला: जुना फोन असेल तर काढा, त्यात कॅमेऱ्याचं ॲप टाका, चार्जरला लावून खिडकीत उभा करा. खोलीत केरळची एक नर्स तिच्याबरोबर राहायची. तिला विचारून, तिची खाट दिसणार नाही असा कोन धरून, दिशानं तो फोन बसवला. मी इकडे यादवरावांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. चित्र यायला वेळ लागला. मग एक खाट दिसली, निळी चादर, भिंतीवर हँगरला युनिफॉर्म, आणि कोपऱ्यात घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग.

"मम्मी कुठंय?" आरोहीनं विचारलं.

"ड्युटीवर असेल."

"बरं," ती म्हणाली, आणि ती रिकामी खोली बघत बसली.

मागच्या आठवड्यात लाइटच्या झटक्यानं त्यांच्या राऊटरचा अडॅप्टर गेला, म्हणून भागुबाईंनी मला बोलावलं. दुपारची वेळ होती. आरोही नुकतीच शाळेतून आली होती आणि जमिनीवर बसून जेवत होती. समोर आजोबांचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. राऊटर बंद असल्यानं त्यावर दिशाच्या खोलीचं चित्र मोबाइलच्या इंटरनेटवर येत होतं. रात्रपाळी करून ती झोपली होती, डोळ्यांवर ओढणी, एक हात खाटेखाली लोंबत असलेला. कंत्राट संपायला अजून सहा-सात महिने आहेत. पुढे वाढवून घेणार नाही, असं तिनं हॉस्पिटलला लेखी कळवलंय, हे भागुबाईंनी मला दारातच सांगितलं होतं.

यादवराव बातम्या बघत होते.

"आजोबा, आवाज कमी करा ना," आरोही म्हणाली. "मम्मी झोपलीय."

यादवरावांनी रिमोट उचलून आवाज अगदी खाली आणला. मी अडॅप्टर बदलला. तार लोंबत होती, तिला भिंतीत दोन क्लिपा ठोकायच्या राहिल्या होत्या. हातोडी काढली आणि परत पिशवीत टाकली. म्हटलं, उद्या येतो.

स्वयंपाकघरातून भागुबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "उठली का गं?"

"नाही," आरोही घास चावत म्हणाली. "कूस बदलली फक्त."